दुसरा कॅन

प्रिय केकवाल्या,

काल तू सिस्टरांसाठी पाठवलेला पेस्ट्रीचा खोका कुणीतरी माझ्या उशाशी उघडा ठेवला आणि मला ओकारी आली. बाळंतपण झालं, आता उलट्यांना काही कारण उरलेलं नाही. आपलं लग्न ठरायच्या आधी तू बेकरीतून सुटून परस्पर मला भेटायला यायचास, तेव्हा तुझ्या शर्टाला लोण्याचा आणि व्हॅनिलाचा वास असायचा, आणि मी बोलता बोलता मुद्दाम जवळ सरकायची. तोच वास. शेजारच्या खाटेवरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "अहो, नवरा एवढ्या प्रेमानं पाठवतोय, एक तरी खा." मी म्हटलं, "तुम्हीच खा, पण आधी झाकण लावा." त्यांनी दोन खाल्ल्या, बोटं चाटली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आधी मुलीचं सांगते, कारण तू फोनवर पहिलं तेच विचारतोस. बरी आहे. नाकातली नळी अजून आहे, पण आता चमच्यानं दोन-चार थेंब गिळते आणि गिळल्यावर एखाद्या रागावलेल्या म्हातारीसारखा चेहरा करते. तिला त्या काचेच्या पेटीत ठेवल्यावर पहिल्यांदा सगळे कशाची वाट बघत होते, माहीत आहे? तिच्या लघवीची. दर खेपेला सिस्टर डायपर काढायची, छोट्या काट्यावर ठेवायची आणि मान हलवायची. कोरडा. परत कोरडा. मला चाकाच्या खुर्चीवर बसवून तिथे नेलं होतं. पोटाला टाके, पाय सुजलेले, आणि माझा जीव त्या काट्यावरच्या आकड्यात. शेवटी एकदा तिनं डायपर उचलला, आणि सगळ्या खोलीला दिसेल असा वर धरून म्हणाली, "ताई, केली हो तुमच्या लेकीनं!" एवढासा पिवळट डाग. मी तो हातात घेतला, ऊन होता अजून. मला इतकं रडू आलं की सिस्टर म्हणाली, "आता हसा की, झालं ना!" तू तेव्हा काचेच्या बाहेर होतास. अजूनही बाहेरच असतोस. हात धुऊन, गाऊन घालून आत येता येतं, हे तुला दोनदा सांगून झालंय.

यापुढचं बरंचसं तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण तू ते तुझ्या बाजूनं पाहिलंस आणि मी माझ्या.

माझं काम तुला पहिल्यापासून आवडलं नाही. आवडलं नाही म्हणजे तू कधी तसं बोलला नाहीस, पण मी लाँड्रीतून आले की दारातच कपडे बदलायला लावायचास आणि आंघोळ झाल्याशिवाय ओट्याला हात लावू द्यायचा नाहीस. मी हसण्यावारी न्यायची. हॉटेलच्या चादरी म्हणजे माणसांचं सगळं आलंच. रक्त, ओक, पानाची थुंकी, कुणाकुणाचे केस. नवीन मुली पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून येतात, आणि मी त्यांना सांगते, बायांनो, रुमाल खिशात ठेवा, त्यानं वास जात नाही, फक्त हात अडकतो. घरी मात्र माझा नवरा क्रीम, अंडी, साखर यांत वावरणारा, नखं कापून घासून ठेवणारा, आणि त्याचा मला अभिमान होता. लोकांना सांगायची मी, आमच्या घरातला एक माणूस तरी स्वच्छ आहे.

चाळिशी उलटल्यावर दिवस गेले तेव्हा आपण दोघं लाजलो होतो, आठवतं? आई म्हणाल्या, "आता सुचलं होय तुम्हाला?" पण लगेच उठून त्यांनी देवासमोर हात जोडले. मला मात्र पहिल्या दिवसापासून माझंच शरीर किळसवाणं वाटायला लागलं. कुकरची शिट्टी ऐकली तरी ओकारी. तोंडात सतत लोखंड चघळल्याची चव. आणि लघवी! बसले की उठायचं, उठून आले की पुन्हा जायचं. लाँड्रीतल्या पोरी म्हणायच्या, "मॅडम, तुमची खुर्ची तिकडेच हलवू का?" मीच वैतागून डॉक्टरीणबाईंना विचारलं की हे काय लावलंय माझ्या शरीरानं. त्या मजेत असाव्यात त्या दिवशी, कारण त्यांनी कागदावर दोन घेवड्याच्या दाण्यांसारखी चित्रं काढून मला नीट समजावलं. अंगातलं रक्त वाढतं, म्हणाल्या, आणि ते सगळं गाळायचं काम किडन्यांवर येतं. दिवस गेल्यावर थोड्याच आठवड्यांत त्या जवळजवळ दीडपट काम करायला लागतात. लांबीनं बोटाच्या पेराच्या निम्म्यानं वाढतात. खाली येणाऱ्या नळ्या सैल पडतात, उजवी जरा जास्तच. कधी साखरसुद्धा गाळणीतून निसटून लघवीत येते, आणि त्याला मधुमेह म्हणत नाहीत. रक्तातली घाण इतकी चांगली उपसली जाते की रिपोर्टातले आकडे उतरतात. म्हणून एरवी ज्या आकड्याला ठीक म्हणतात, तो पोटुशा बाईत आला तर डॉक्टरचे कान उभे राहायला हवेत.

मी घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होते. आमची दोन मोठी मशीनं डोळ्यांसमोर आली. सुट्ट्यांच्या दिवसांत दीडपट माल येतो तेव्हा ती थरथरतात, बोल्ट सैल होतात, पण थांबत नाहीत. पोट सगळ्यांना दिसतं. बसमध्ये लोक जागा देतात ते पोट बघून. पाठीत दोन जणी गुपचूप वाढतायत, दुसऱ्या जिवाचीही धुणी धुतायत, त्यांची कुणाला खबरसुद्धा नाही. मी ते तुला जेवताना सांगायला गेले. तू ताट बाजूला सारलंस. "जेवताना नको ना हे," म्हणालास. तेव्हाही मला वाटलं, हळवा आहे.

मग सूज आली. पायावर बोट दाबलं की तुझ्या मळलेल्या मैद्यात पडावा तसा खळगा पडायचा, आणि भरून यायला वेळ लागायचा. बीपी जरा वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडन्यांची गाळणी फाटायला लागली असेल तर अंगातली प्रथिनं लघवीतून वाहून जातात, ती किती जातात ते बघू. दिवसभराची आणि रात्रीची, एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी लघवी साठवायची. सगळी, थेंब न सांडता. लॅबनं दोन लिटरचे दोन पांढरे कॅन दिले आणि थंड जागी ठेवा म्हणून सांगितलं.

तो दिवस आपल्या घरात काय झाला! मी फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा केला तर तू दारात आडवा उभा राहिलास. "इथे माझं क्रीम असतं." मी म्हटलं, कॅनला घट्ट झाकण आहे, वर पिशवी बांधते. "क्रीम असतं इथे," एवढंच तू पुन्हा म्हणालास, आणि तुझा चेहरा असा झाला होता की जणू मी तुझ्या केकवरच बसणार होते. आई बाहेरून ओरडल्या, "अगं, माणसं खातात त्यातलं! काही लाजलज्जा?" शेवटी बाथरूममध्ये बादलीत बर्फ घालून कॅन ठेवले, आणि दिवसभर मी वाकून वाकून बर्फ बदलत राहिले. दुपारी झाकणाभोवती मुंग्या लागल्या. मला हसूच आलं. डॉक्टरीणबाईंची ती निसटलेली साखर! तुला बोलावून दाखवलं, म्हटलं, बघ, तुझ्या धंद्यातला माल मीही काढायला लागले. तू दारातूनच मागे फिरलास. त्या दिवशी तू शेजाऱ्यांकडे जाऊन आंघोळ केलीस.

दुसऱ्या सकाळी एक कॅन गळ्यापर्यंत भरला होता आणि दुसरा अर्ध्याच्या वर. मला उभं राहवत नव्हतं. लॅब तुझ्या बेकरीच्या वाटेवर. तू बेकरीची गाडी घेऊन निघाला होतास. मी दोन्ही कॅन पुसले, पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली आणि तुझ्या हातात दिली. तू ती अंगापासून लांब धरून जिना उतरलास, आणि मी खिडकीतून बघत होते. मला वाईट वाटलं तुझ्यासाठी. बघ, किती मूर्ख बाई! मला तुझ्यासाठी वाईट वाटलं.

रिपोर्ट आला. मर्यादेच्या आत. डॉक्टरीणबाईंनी, घाईत होत्या म्हणून की काय, नुसता खालचा आकडा बघितला आणि म्हणाल्या, "काही नाही, सूज येतेच या दिवसांत." आपण तिघांनी आइस्क्रीम खाल्लं. डोकं दुखायचं ते मी मशीनच्या आवाजावर ढकललं. डोळ्यांपुढे काजवे चमकायचे ते वयावर. तुला सांगितलं की तू म्हणायचास, "रिपोर्ट चांगला आहे ना? मग?" केवढ्या खात्रीनं म्हणायचास ते. मग एका दुपारी कामावर, घड्या घालायच्या टेबलाशी मी आडवी झाले आणि मला झटका आला. मला काही आठवत नाही. पोरी सांगतात, तोंडाला फेस होता, साडी ओली झाली होती, आणि त्यांतल्या एकीनंही नाकाला रुमाल लावला नाही.

मुलगी दिवस भरायच्या फार आधी बाहेर काढावी लागली. ती जगली, मी जगले. पण माझी लघवी कमी झाली, रक्तातले आकडे चढायला लागले, आणि मोठे किडनीवाले डॉक्टर आले. त्या सकाळी तू माझ्या पायाशी स्टुलावर बसला होतास. आई संत्रं सोलत होत्या. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट हातात घेतला आणि म्हणाले, थोड्याच दिवसांपूर्वी प्रथिनं ठीक होती आणि आता एवढी जातायत, म्हणजे हे नेहमीचं गरोदरपणातलं दुखणं नसावं. किडनीचाच दुसरा काही झपाट्यानं वाढणारा आजार असेल. पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढून तपासावा लागेल. बीपी चढलेलं आहे, रक्तस्रावाचा धोका आहे, तेव्हा नवऱ्यानं सही करावी. मग त्यांनी रिपोर्ट मोठ्यानं वाचला. जमलेली एकूण लघवी एक लिटर आणि वर थोडी.

मी तुझ्याकडे बघितलं. तू खिडकीकडे बघत होतास आणि तुझे कान लाल झाले होते. आपण इतकी वर्षं एका घरात आहोत, तुझे कान कधी लाल होतात ते मला माहीत आहे. तरी मी थांबले. मला वाटलं, आता बोलेल. आता. सिस्टरनं पेन पुढे केलं, आणि तू ते घेतलंस. टोपण काढलंस. माझ्या पाठीत सुई जाणार होती आणि तू सहीची जागा शोधत होतास.

तेव्हा मीच बोलले. "डॉक्टर, दुसरा कॅन घरीच राहिला होता. माझ्याच लक्षात आलं नाही."

आणि तू श्वास सोडलास. मोठा, मोकळा, भट्टीतून शेवटचा ट्रे काढल्यावर सोडतोस तसा. त्या श्वासाची मला किळस आली. आयुष्यात इतके घाणेरडे कपडे मी हातांनी उलटे केलेत, पण अशी किळस मला कशाची आली नव्हती.

पुढचं तू ऐकलंसच. डॉक्टर माझ्यावर चिडले. "अहो बाई, म्हणजे हा रिपोर्टच खोटा! तेव्हाच औषधं सुरू झाली असती. चार लोकांना कामाला लावता ना तुम्ही, एवढं समजू नये?" सुई रद्द झाली, वाट बघायचं ठरलं, आणि आता आकडे उतरतायत, हे चांगलंच झालं. पण आईंना बोलायला जागा मिळाली. त्यांनी संत्र्याची फोड तुझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "हिच्या धांदरटपणानं लेकरू गेलं असतं रे माझं." तू ती फोड खाल्लीस. बी काढलीस आणि हातात धरून बसलास. त्या दिवसापासून त्या हेच सगळ्यांना सांगतायत. शिक्षिकाबाईंना, झाडूवालीला, तुझ्या मावशीला फोनवर. "कामाची फार हौस, पण स्वतःचं एवढंसं सांभाळता आलं नाही." मी ऐकते.

जिन्यापाशी तू मला गाठलंस आणि कुजबुजलास ते सगळं मी ऐकून घेतलं. गाडीत मागे केकचे ट्रे होते. भरलेला कॅन झाकणापाशी ओला वाटत होता. तुला वाटलं, दोन्हीत तेच तर आहे, तपासायला एक पुरे. भाताचं शीत दाबून बघतो तसं. म्हणून तो तू रस्त्याकडेच्या गटारात ओतलास. यात मला काही पाप दिसत नाही. कुणालाही वाटेल असं. मोजायचं असतं ते सगळं मिळून, हे तुला कुणी नीट सांगितलंही नाही. मीसुद्धा नाही, कारण तू जेवताना ऐकत नाहीस, झोपताना ऐकत नाहीस. चूक झाली, मान्य. पण त्यानंतर तू म्हणालास, "झालं ते झालं, आता कशाला उगाच तो विषय? तू सांगितलंस तेच बरं झालं." बरं झालं! मग खिशातून बेकरीचा कागद काढून तू हात पुसलेस, आणि मला त्या कागदाचा वास आला.

मी तुला पाठीशी का घातलं, हे मी स्वतःला इथे पडल्या पडल्या पुष्कळ विचारलं. सवय, दुसरं काय. तू दारात कपडे बदलायला लावायचास तेव्हा हसण्यावारी नेलं, फ्रिजपुढे आडवा आलास तेव्हा बादली भरली. तुझ्या नाकासाठी मी घरभर सरकत राहिले. तेवढ्यानं भागत होतं तोवर मला त्यात मायाच दिसायची. अजूनही ती गेली आहे असं म्हणणार नाही. काल तुझ्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं तर माझा हात आपसूक सुईदोऱ्यासाठी पिशवीत गेला, आणि मग मला माझ्या हाताचाही राग आला.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू रडतोस, आणि तू रडलास की मी तुझी समजूत घालत बसते, म्हणून लिहिलं. आता आजच का लिहिलं ते सांगते. बाळांच्या विभागातल्या डॉक्टरांनी विचारलंय की मुलीला घरी नेल्यावर माझ्या जोडीला दुसरं माणूस कोण. त्याला आत बोलावून शिकवणार आहेत. डायपर वजन करायचे, शी कशी झाली ते बघायचं, ओकली तर त्याचा रंग बघायचा, आणि जसं असेल तसं त्यांना कळवायचं. कोरडा डायपर कुणी लाजेनं म्हणा, भीतीनं म्हणा, लपवला तर एवढ्याशा जिवाला सावरायला वेळ मिळत नाही, असं ते म्हणाले. मला उद्या नाव सांगायचं आहे. वहिनी बॅग भरून तयार आहे. ती आली तर मी आणि मुलगी इथून दादाकडेच जाऊ. पण मला तुझं नाव सांगायचंय. उद्या संध्याकाळी आई असतील तेव्हाच ये. मोठे डॉक्टर फेरीवर येतील, तेव्हा दोघांसमोर उभा राहा आणि दुसऱ्या कॅनचं काय केलंस ते तुझ्या तोंडानं सांग. मी मदत करणार नाही, वाक्य पुरं करणार नाही, तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही. येताना काही गोड आणू नकोस. इथे फिनेल, औषधं, सांडलेलं दूध सगळ्याचा मिळून एक वास येतो, तुला सोसणार नाही. ओकारी आली तर खुशाल ओक, कोपऱ्यात बेसिन आहे. तोंड पूस, आणि मग बोल.

अजून तरी तुझीच,
लाँड्रीवाली